विजय हजारे आणि न बदललेला स्टान्स

मासिकासाठी थोर माणसाचं चरित्र लिहायचं म्हटलं की ठरलेली नावं पुढं येतात. समाजसुधारक, शास्त्रज्ञ, स्वातंत्र्यसैनिक. ती माणसं मोठीच आहेत, पण त्यांच्यावर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. म्हणून मी यंदा एका बॅट्समनवर लिहायचं ठरवलं. त्यांचं नाव विजय सॅम्युअल हजारे. हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना फक्त ‘विजय हजारे ट्रॉफी’ या स्पर्धेमुळं माहीत आहे. मॅच टीव्हीवर चालू असते, कोपऱ्यात स्पर्धेचं नाव असतं, आणि तो माणूस कोण होता हे विचारायला कुणाला वेळ नसतो.

त्यांच्यावर लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी. क्रिकेट आणि सॉफ्टबॉल या दोन्ही खेळांच्या प्रॅक्टिसला मी जातो. दोन्ही ठिकाणी एक वेगळीच भाषा कानावर पडते. क्रिकेटच्या नेटमध्ये : एल्बो वर, डोकं स्थिर, बॅकलिफ्ट सरळ, वजन पुढं, बॉल लेट खेळ, बॉलकडं जा. सॉफ्टबॉलला गेलं की : हात आत ठेव, हिप आधी उघड, खांदा उघडू नको, मागच्या पायानं किडा चिरडल्यासारखा पाय फिरव, वरून खाली मार, खालून वर मार. आता बॉल लेट खेळायचा आणि बॉलकडं जायचंही, वरून खाली मारायचं आणि खालून वरही, हे एकाच माणसानं एकाच वेळी कसं करायचं? डीएमईच्या पेपरात असा परस्परविरोधी डेटा आला असता तर आपण सरळ परीक्षा विभागाकडं तक्रार केली असती. ग्राऊंडवर मात्र मान हलवून हो म्हणतो.

हजारे यांचं आयुष्य वाचताना मला या गोंधळातून बाहेर पडायची वाट दिसली. म्हणून आधी त्यांची कहाणी सांगतो.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीला झाला. वडील शाळेत शिक्षक. मराठी ख्रिस्ती कुटुंब, घरात आठ मुलं. शिक्षकाच्या पगारात आठ मुलांचं घर म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. त्या काळात क्रिकेट खेळून पोट भरायचं तर एकच रस्ता होता, कुठल्या तरी संस्थानिकाच्या आश्रयाला जायचं. सांगलीजवळच जत नावाचं छोटं संस्थान होतं. आज तो सांगली जिल्ह्यातला तालुका आहे. पाऊस कमी, दुष्काळ नेहमीचा, म्हणजे आपल्या पाटोदा-आष्टीसारखाच भाग. पण तिथल्या राजांना क्रिकेटचा भारी नाद. तरुण हजारे त्यांच्या नजरेत आले. ते मध्यमगती बॉलिंग करत, बॅटिंगही करत.

अडचण एकच होती, त्यांचा स्टान्स. पुस्तकात सांगतात की बॅट मागच्या पायाच्या अंगठ्याजवळ टेकवावी. हजारे बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये धरून उभे राहत. बघणाऱ्याला वाटे, हा माणूस स्वतःच्याच पायात अडकून पडणार. सुंदर तर ते अजिबात दिसत नसे. आजच्या कुठल्याही नेटमध्ये असा मुलगा उभा राहिला तर पहिल्या मिनिटाला चारजण धावत येतील आणि त्याची बॅट हलवून देतील.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जतच्या राजांनी कोचिंगसाठी थेट ऑस्ट्रेलियाहून क्लॅरी ग्रिमेटला बोलावलं. ग्रिमेट म्हणजे साधा माणूस नव्हे. टेस्टमध्ये २०० विकेट घेणारा तो जगातला पहिला बॉलर. ३७ टेस्टमध्ये २१६ विकेट. जन्म न्यूझीलंडचा, लेगस्पिन बऱ्याच अंशी स्वतःच घोटून शिकलेला. घरामागच्या अंगणात तो तासन्‌तास बॉलिंग करायचा, आणि टाकलेले बॉल परत आणायला त्यानं आपल्या कुत्र्याला शिकवून ठेवलं होतं. त्याचा हातही डोक्यावरून नीट उंच येत नसे, बाजूनं खालून फिरल्यासारखा येई. म्हणजे पुस्तकाप्रमाणं पाहिलं तर तो स्वतःच चुकीचा होता.

अशा माणसासमोर हजारे तो विचित्र स्टान्स घेऊन उभे राहिले. इतक्या लांबून, राजाच्या खर्चानं आलेल्या कोचला काहीतरी बदलून दाखवायचा मोह सहज होऊ शकला असता. ग्रिमेटनं बॅटिंग पाहिली आणि स्टान्सला हात लावला नाही. आहे तो तसाच ठेव, असाच त्याचा सल्ला होता. हजारे यांनी तो पाळला आणि पुढची सगळी कारकीर्द त्याच स्टान्सवर उभी राहिली.

हे बरोबर का होतं, ते आपल्या भाषेत पाहू. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. क्रीज वजा केली तर हातातून सुटलेल्या बॉलला साधारण १८ मीटर यायचं असतं. ताशी १३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. भागाकार केला की उत्तर येतं अर्धा सेकंद. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरवर असते. बॉल ताशी ९५ किलोमीटरनं आला तरी तेवढाच, अर्धा सेकंद. या अर्ध्या सेकंदात बॉल पाहायचा, ठरवायचं आणि बॅट फिरवायची. दहा सूचना आठवायला त्यात जागाच नाही.

दुसरी गोष्ट. बॉल आणि बॅट यांची भेट होते त्या क्षणी बॅट कुठं आहे, किती वेगात आहे आणि कोणत्या दिशेनं चालली आहे, एवढंच बॉलला कळतं. त्याआधी बॅट पॅडच्या मध्ये होती की मागच्या अंगठ्याजवळ, याच्याशी बॉलला देणंघेणं नाही. स्टान्स ही फक्त इनिशियल कंडिशन आहे. तिथून निघून वेळेवर योग्य जागी पोचता येत असेल तर ती कंडिशन चालते, आणि पोचता येत नसेल तरच बदलायची. हजारे पोचत होते. बॅट सरळ यायची, वेळेवर यायची. ग्रिमेटनं सुरुवात न बघता शेवट पाहिला असावा, असं मला वाटतं.

कोचिंगच्या शब्दांतला गोंधळही इथंच उलगडतो. हे शब्द तीन जातींचे असतात. काही शब्द शरीराची स्थिती सांगतात, जसं एल्बो वर. काही शब्द फक्त जाणीव सांगतात, जसं किडा चिरडल्यासारखा पाय फिरव. खरं तर जोरदार फटक्यात मागच्या पायावरचा भार बराचसा निघून गेलेला असतो, चिरडायला तिथं वजन उरत नाही. पण कुणाला तरी तसं ‘वाटलं’ म्हणून ते वाक्य रूढ झालं. आणि काही शब्द परिणाम सांगतात, जसं बॉल गॅपमधून काढ. जाणिवेचा शब्द स्थिती म्हणून पाळायला गेलं की घोटाळा होतो. हिप आधी, हात नंतर, हे वर्णन म्हणून खरं आहे. आसूड ओढताना आधी मूठ फिरते आणि शेवटी टोक कडाडतं, तसाच जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात, तिथून हातात आणि बॅटच्या टोकाला जातो. पण आसूड ओढणारा गडी हे क्रमानं मनात म्हणत बसत नाही. बसला तर आसूड कडाडणारच नाही.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये या शब्दांवरून मोठे तट पडले. टेड विल्यम्स हा तिथला फार मोठा हिटर, १९४१ च्या मोसमात .४०६ ची सरासरी काढणारा. १९७० च्या सुमारास त्यानं हिटिंगच्या शास्त्रावर पुस्तक काढलं. पिचर उंचवट्यावरून टाकतो, म्हणून बॉल थोडा उतरत येतो. तेव्हा बॅट किंचित चढती फिरली तर ती बॉलच्या रेषेत जास्त वेळ राहते, हा त्याचा हिशोब. कमरेच्या फिरण्यावर त्याचा भर होता. पुढं चार्ली लाऊ या कोचनं वजन मागून पुढं नेण्यावर भर दिला, आणि जॉर्ज ब्रेटसारखा हिटर त्याच्या हाताखाली तयार झाला. मग एक तट फिरवा म्हणणाऱ्यांचा आणि दुसरा वजन ढकला म्हणणाऱ्यांचा. गंमत अशी की चांगल्या हिटरची स्लो-मोशन फिल्म पाहिली तर दोन्ही गोष्टी दिसतात. वजन पुढं येतं आणि मग कंबर फिरते. भांडण बरंचसं शब्दांचं होतं.

हा गोंधळ नुसता गमतीचा नाही. आमच्या ग्राऊंडवर एक मुलगा यायचा. वाडीवरचा, आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. नांगरट न झालेल्या रानात टेनिस बॉलवर शिकलेला. पाय फाकवून, बॅट हवेत धरून उभा राहायचा, आणि बॉल असा मारायचा की पलीकडच्या बोअरवेलपर्यंत आम्हालाच पळावं लागायचं. टीम निवडायची वेळ आली तसे त्याला सल्ले सुरू झाले. एकानं पाय जवळ घ्यायला लावले, दुसऱ्यानं बॅट खाली टेकवायला लावली, तिसऱ्यानं ग्रिप बदलली. चार दिवसांत त्याचा बॉल बॅटला लागेना. पाचव्या दिवशी तो आला नाही, आणि नंतर कधीच आला नाही. सल्ले देणारे वाईट नव्हते. पण त्यांच्यात ग्रिमेट नव्हता.

हजारे यांना तो भेटला. आता पुढं काय झालं ते पाहा.

१९३९-४० च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतलं हे पहिलं त्रिशतक. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. त्या मोसमात महाराष्ट्रानं रणजी करंडक जिंकला. पुढं हजारे बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले आणि बडोद्याकडून खेळू लागले.

त्या काळी मुंबईत धर्मावर आधारलेल्या टीमची पंचरंगी स्पर्धा भरत असे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि ख्रिस्ती वगैरे उरलेल्या सगळ्यांची ‘रेस्ट’ नावाची टीम. हजारे या उरलेल्यांत. १९४३-४४ च्या फायनलमध्ये हिंदूंनी ५ बाद ५८१ धावांचा डोंगर रचला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला. दुसऱ्या डावात रेस्टनं ३८७ धावा केल्या आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजारे यांच्या. त्यांचा भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागीदारी झाली, त्यात विवेकच्या धावा २१. मॅच मात्र एका डावानं गेली. हरणाऱ्या बाजूकडून एकट्यानं उभं राहणं हे जणू त्यांच्या नशिबातच लिहिलेलं होतं.

मार्च १९४७ मध्ये रणजीच्या फायनलमध्ये बडोद्याकडून होळकरांच्या टीमविरुद्ध त्यांनी आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९, हजारे २८८. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली कोणत्याही विकेटसाठीची सर्वांत मोठी भागीदारी म्हणून हा विक्रम २००६ पर्यंत टिकला.

टेस्ट खेळायला मात्र त्यांना उशीर झाला. महायुद्धात उमेदीची वर्षं गेली. १९४६ मध्ये लॉर्ड्सवर पहिली टेस्ट खेळले तेव्हा वय ३१. दीड वर्षानंतर, जानेवारी १९४८ मध्ये अ‍ॅडलेडची टेस्ट आली. समोर ब्रॅडमनची ऑस्ट्रेलिया. त्यांनी ६७४ धावा केल्या, ब्रॅडमनच्या २०१. भारतानं पहिल्या डावात ३८१ केल्या, हजारे ११६ आणि दत्तू फडकर १२३. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात रे लिंडवॉल आग ओकत होता. त्यानं ३८ धावांत ७ जणांना बाद केलं. सहा भारतीय बॅट्समन शून्यावर गेले. २७७ धावांच्या त्या डावात हजारे यांनी १४५ काढल्या. एकाच टेस्टच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो. पण स्वतंत्र भारताच्या पहिल्याच परदेश दौऱ्यात जगातल्या सर्वांत वेगवान बॉलिंगसमोर आपला माणूस दोनदा टिकू शकतो, एवढं त्या दोन शतकांनी दाखवून दिलं. आणि तेही पॅडच्या मध्ये बॅट धरणाऱ्या स्टान्सवरून.

१९५१ ते १९५३ या काळात १४ टेस्टमध्ये ते भारताचे कर्णधार होते. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला भारतानं इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवलं. टेस्ट खेळायला लागल्यापासून २० वर्षांतला हा आपला पहिला विजय. त्यात विनू मंकड यांनी १२ विकेट घेतल्या. कर्णधार म्हणून हजारे यांचं नाव त्या विजयाला कायमचं चिकटलं. पण ते मुळात अबोल, संकोची स्वभावाचे. कर्णधारपदाचा भार त्यांना मानवला नाही आणि त्या ओझ्यानं त्यांच्यातला बॅट्समन दबला, असं पुष्कळ जाणकारांचं मत आहे. प्रत्येकाला प्रत्येक भूमिकेत बसवायचा आग्रह धरू नये, हे मला इथंही दिसतं.

त्याच वर्षी जूनमध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर जे झालं ते आजही अंगावर काटा आणतं. दुसऱ्या डावात भारताच्या धावा शून्य आणि बाद चार. फ्रेड ट्रूमन पहिलीच टेस्ट खेळत होता. पाचवी विकेट २६ वर गेली. तिथून हजारे आणि फडकर यांनी १०५ धावांची भागीदारी केली. हजारे ५६, फडकर ६४. पहिल्या डावातही हजारे यांनी ८९ काढल्या होत्या आणि तरुण विजय मांजरेकरबरोबर २२२ धावा जोडल्या होत्या. मॅच गेली, पण अब्रू राहिली.

त्यांच्या टेस्ट ३०, धावा २१९२, शतकं ७, सरासरी ४७.६५. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा आणि ६० शतकं, वर बॉलिंगमध्ये ५९५ विकेट. खुद्द ब्रॅडमनचा त्रिफळा त्यांनी उडवला होता. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी बडोद्याला त्यांचं निधन झालं.

आता आपल्या जिल्ह्याचं थोडं. ज्या हेडिंग्लेवर १९५२ मध्ये शून्यावर चार गेले होते, तिथंच २००२ मध्ये भारतानं इंग्लंडला एका डावानं हरवलं. त्या मॅचमध्ये सलामीला येऊन ढगाळ हवेत ६८ धावांची चिवट खेळी करणारे संजय बांगर हे बीडला जन्मलेले. पुढं २०१४ ते २०१९ या काळात तेच भारतीय संघाचे बॅटिंग कोच होते. २०२४ च्या १९ वर्षांखालील वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ४ बाद ३२ अशा अवस्थेतून ९६ धावा काढणारा सचिन धस हाही बीडचाच. म्हणजे आपल्या मातीत खेळाडू नाहीत, असं कुणी म्हणू नये. ते वाड्या-वस्त्यांवर आहेत, स्वतःच शिकलेले आहेत, आणि स्वतः शिकलेल्या माणसाचा स्टान्स पुस्तकासारखा नसतोच.

कोचिंग नकोच, असं मला म्हणायचं नाही. हजारे यांनाही कोच होता आणि त्याच्यामुळं फायदाच झाला. प्रश्न फक्त कोचनं आधी काय पाहायचं याचा आहे. माझ्या मते क्रम असा हवा. आधी मुलाला वीस बॉल खेळू द्यावेत आणि गप्प बसून पाहावं. बॉल बॅटच्या मधोमध, वेळेवर लागत असेल तर स्टान्सला हात लावू नये. लागत नसेल तर कारण शोधावं आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच व्हेरिएबल बदलतो ना, तसंच. आणि प्रत्येक सूचनेला मुलानं विचारावं, सर, यानं बॉलचं काय होईल? याचं उत्तर ज्याच्याकडं आहे त्याचा शब्द पाळावा. ज्याच्याकडं फक्त शब्द आहे, त्याला नमस्कार करून आपली बॅटिंग चालू ठेवावी.

येत्या सिलेक्शनच्या वेळी आपल्या सिनियर्सनी आणि क्रीडा विभागाच्या सरांनी एवढं एक करून बघावं, ही माझी विनंती आहे. वीस बॉल, आणि तोवर कुणी बोलायचं नाही.